ऑलराइट, लव्ह?

लेकीकडे यॉर्कला निघालो तेव्हा माझ्या इंग्रजीबद्दल मला काडीची शंका नव्हती. शाळेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तोंडपाठ, पुढे तीस वर्षं साताऱ्याच्या कचेरीत ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’ने सुरू होणारी पत्रं खरडलेली. एवढ्या शिदोरीवर मी खुद्द राजाशीही बोललो असतो. गाठ पडली ती शेजारच्या आजोबांशी.

पहिल्याच सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होतो. आजोबाही आपला डबा ढकलत आले नि म्हणाले, “ऑलराइट?”

मला भरून आलं. परमुलखात इतक्या आस्थेनं कोण विचारतं? मी डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली. मग साखर, मग विमानातलं जागरण. बदललेल्या गोळीपर्यंत आलो, तोवर आजोबा तोंडावरचं हसू न ढळू देता मागे सरकत सरकत आपल्या दारात पोचले होते.

“बाबा, त्यांनी तब्येत नव्हती विचारली,” लेक म्हणाली. “तो नमस्कार होता. आपणही उलट ‘ऑलराइट’ म्हणायचं आणि सुटायचं.”

“मग प्रश्नाचं उत्तर कोण देतं?”

“कुणीच नाही. आपल्याकडे रस्त्यात ‘काय, जेवण झालं का?’ विचारतात. नाही म्हटलं तर वाढतात का?”

संध्याकाळी तिचा ऑफिसातून फोन आला, “मिकलगेट बारपाशी थांबा, मी येतेच.” लेकीनं आईबापाला बारपाशी बोलवावं! हिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जाऊन पाहतो तर गावकुसाची दगडी वेस. या गावात रस्त्याला ‘गेट’ म्हणतात, वेशीला ‘बार’ आणि बारला ‘पब’. 866 साली व्हायकिंगांनी गाव घेतलं. रस्त्यासाठीचा त्यांचा ‘गाटा’ शब्द इथंच मुक्कामाला राहिला. 1460मध्ये लढाईत पडलेल्या ड्यूक ऑफ यॉर्कचं मुंडकं कागदी मुकुट घालून याच बारवर टांगलं होतं, असं लेकीनं सांगितलं.

“बारच्या नादी लागलं की असंच व्हायचं,” ही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात ठेवली. “देअर यू गो, लव्ह.”

“काय म्हणाली ती?” हिनं विचारलं.

“घ्या म्हणाली.”

“त्याच्यानंतर?”

यॉर्कशरात ‘लव्ह’ म्हणजे आपलं ‘दादा’, ‘मावशी’, हे लेकीनं दोनदा समजावलं. हिला पटलं नाही. मग बसमधून उतरताना ड्रायव्हर हिलाच म्हणाला, “माइंड हाऊ यू गो, लव्ह.” पदर सावरून ही म्हणाली, “ता!” थँक्यूचा हा तिथला लाडका अवतार हिनं कधी उचलला, मला कळलंच नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात यॉर्कशरची भाषा अतिशय प्रेमळ ठरली.

आठवडाभरानं आजोबांनी पाच वाजता ‘टी’ला बोलावलं. चहाच तर आहे म्हणून आम्ही चारला भरपेट पोहे खाऊन गेलो. समोर आलं चीज-कांद्याचं पाय, उकडलेले बटाटे नि वाटाणे. इंग्लंडच्या उत्तरेत ‘टी’ म्हणजे रात्रीचं जेवण, हे पोह्यांवर बटाटे रचताना कळलं. आजोबांनी चव विचारली. “नॉट बॅड,” मी म्हणालो. ते खूश झाले. इथं याहून मोठी शाबासकी नाही, एवढं मी शिकलो होतो.

निघताना बूट चढवता चढवता सवयीनं तोंडातून गेलं, “बराय, येतो!” आजोबांनी कौतुकानं अर्थ विचारला. तर्खडकरांना स्मरून मी चोख भाषांतर केलं, “आय ॲम कमिंग.”

रात्री पाणी प्यायला उठलो. शेजारच्या दारावरचा दिवा जळत होता. मनात म्हटलं, म्हातारा विसरला वाटतं.

सकाळी कचऱ्याच्या डब्यांपाशी गाठ पडली. आजोबांचे डोळे तांबारलेले होते.

“ऑलराइट?” मी ऐटीत म्हणालो.

या वेळी त्यांनी उत्तर दिलं. चांगलं सविस्तर.