खापर फॉन्टच्या माथी

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावर, गुजरातच्या हद्दीजवळच्या खापर गावात फलक वाचायला फार वेळ नसतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे सरकते. तेवढ्यात भाऊंचा चेहरा, भाऊंचे पद, शुभेच्छुकांचे दोन-तीन डझन चेहरे आणि या सगळ्यांच्या डोक्यावरचा मथळा, एवढा ऐवज डोळ्यांत भरायचा असतो. चेहरे भरतात. मथळा राहून जातो. तो बारीक असतो म्हणून नव्हे. त्याला खाऊ-पिऊ घालून इतका जाड केलेला असतो की त्याचा चेहराच ओळखू येत नाही.

हे कसे घडते, ते खापरच्या अक्कलकुवा तालुक्यातल्याच काय, महाराष्ट्रातल्या कोणत्याही फ्लेक्सच्या दुकानात बघायला मिळते.

“दादा, अक्षर जरा जाड घ्या ना.”

“घेतलंय की, भाऊ.”

“अजून घ्या. गल्लीच्या टोकावरून दिसलं पाहिजे. आणि पांढरी बॉर्डर द्या. तिच्याबाहेर लाल. मागं सावली.”

दादा माउस हलवतो. कोरलड्रॉमध्ये अक्षराला आउटलाइन चढते, मग आउटलाइनला आउटलाइन. रेघ बाहेर फुगते तशी आतही फुगते, हे मात्र कोणी बघत नाही. ‘घ’ आणि ‘ध’ यांच्या पोटातली फट बुजते, ‘भ’ची गाठ लिंपली जाते, ‘क्ष’चा गोळा होतो. ‘अक्कलकुवा’ या तालुक्याच्या नावाची तर फारच परवड. त्यातला ‘क्क’ म्हणजे तीन-चार वळणे एका ओळीत दाटीवाटीने बसवलेली. आउटलाइन चढली की तिथे अक्षर नाही, डाग उरतो. वाचणारा तरीही ‘अक्कलकुवा’च वाचतो, कारण तो तिथेच राहतो. फलक ज्याच्यासाठी लावला तो परगावचा पाहुणा पुढे निघून जातो.

एवढे झाल्यावर मजकूर चौकटीत बसत नाही. मग अक्षर आडवे ओढले जाते. आडवे ओढले की उभ्या रेघा सुजतात आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. उभे ताणले की उलट: शिरोरेषा छपरासारखी जाड, खाली काटकुळे काने. काही जुन्या सजावटी फॉन्टांत ‘ख’चे दोन्ही पाय अजून सुटेच आहेत. लिपिसुधारणेत ते खालून जोडले गेले ते ‘ख’ आणि ‘रव’ यांची गल्लत टळावी म्हणून. ही सुधारणा दुकानातल्या पेन ड्राइव्हपर्यंत पोहोचली नसल्याने मथळ्यात अधूनमधून ‘रवापर’ नावाच्या गावात आपले सहर्ष स्वागत होते.

अशा वेळी दोष फॉन्टला दिला जातो, आणि बहुतेकदा ‘मंगल’ला. मंगल विंडोज २००० सोबत घरोघरी पोहोचला. तो घडवणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे देवनागरीच्या आधुनिक अक्षररचनेतले फार मोठे नाव; मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी पुढच्या पिढ्या घडवल्या. मंगल घडवला होता तो संगणकाच्या पडद्यावर लहान आकारात स्वच्छ वाचता यावा म्हणून. त्याला सुरुवातीला ठळक वजनही नव्हते. तोच फॉन्ट दहा फुटी कापडावर ताणायचा, तीन बॉर्डरी चढवायच्या आणि वर ‘मंगल काही उठून दिसत नाही’ म्हणायचे, ही आपली रीत.

उपाय फुकट आहे, ही खरी अडचण. फुकट म्हटले की ग्राहकाला तो हलका वाटतो आणि दुकानदाराला संशयास्पद. पण गेल्या दहा-बारा वर्षांत देवनागरीचे जे चांगले मुक्त फॉन्ट आले, त्यांतले बरेचसे मुंबई-अहमदाबादच्या लोकांनी घडवलेले आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ घ्या. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचे हे काम. २०० पासून ८०० पर्यंत सात वजने. यातला ८०० क्रमांकाचा एक्स्ट्रा बोल्ड म्हणजे साध्या मुक्ताला चढवलेली आउटलाइन नव्हे. तिथे प्रत्येक अक्षर नव्याने आखलेले असते: रेघ जाड झाली की पोटातली जागा कुठे राखायची, गाठ कुठे उघडी ठेवायची, मात्रा किती सरकवायची, हे कोणीतरी बसून ठरवलेले असते. दुकानातले ‘अजून जाड घ्या’ आणि खरे ठळक वजन यांत फरक आहे तो एवढाच.

या फॉन्टांना ‘सॅन्स सेरिफ’ म्हणतात, तेही उसने बिरुद. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकांना फुटलेले बारीक पाय. देवनागरी अक्षराला असे पाय नसतात. ते शिरोरेषेला लोंबकळते. आपल्याकडे खरा फरक रेघेचा. बोरूच्या तिरक्या कापाने लिहिले की रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. निर्णयसागर छापखान्याच्या छापील वळणात तेच दिसते. आणि एकसारख्या जाडीची रेघ ठेवली की ते आपले ‘सॅन्स’. दुरून, वेगाने आणि धुळीतून वाचायचे असेल तर दुसरे बरे, कारण बोरूच्या वळणातली बारीक रेघ लांबून आधी नाहीशी होते.

जागा अरुंद असेल तर अक्षर ताणण्या-दाबण्याची गरज नाही. ‘इंडियन टाइप फाउंड्री’ने ‘तेको’ आणि ‘खंड’ हे दोन फॉन्ट चिंचोळ्या मथळ्यांसाठीच घडवले. ‘एक टाइप’चा २०२२ मधला ‘अनेक’ तर रुंदीनेही बदलतो: एकाच फॉन्टमध्ये दाटीवाटीपासून ऐसपैसपर्यंत. ग्राहकाचा ‘अजून’ तरीही थांबत नसेल, तर सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा ‘मोदक’ आहे. पोटात नुसती चीर उरलेली, गुटगुटीत, एकाच वजनाची अक्षरे. गणेशोत्सवाच्या दोन शब्दांना तो शोभतो. ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीच्या नोटिशीला लावला तर वसुली थांबेल.

खापरच्या नातेसंबंधांना सर्वांत जवळचा फॉन्ट मात्र ‘बालू’. ‘एक टाइप’नेच तो भारतातल्या अनेक लिप्यांत काढला आणि प्रत्येकीला घरचे नाते दिले. गुजरातीत तो ‘बालू भाई’, गुरुमुखीत ‘पाजी’, बंगालीत ‘दा’, तमिळमध्ये ‘थंबी’, मल्याळममध्ये ‘चेट्टन’, उर्दूत ‘भाईजान’. देवनागरीत नुसता ‘बालू’. ज्या मुलखात फलकावरचे प्रत्येक नाव ‘भाऊ’ नाहीतर ‘दादा’ लावून येते, तिथेच फॉन्टला कोणी भाऊ म्हणू नये! तरी त्याचा उपयोग इथेच जास्त. रस्त्याने पुढे गेले की सागबारा, म्हणजे गुजरात. दुकानाच्या पाटीवर मराठी आणि गुजराती शेजारी-शेजारी लागतात. गुजरातीला शिरोरेषा नसल्याने दोन भलते फॉन्ट एकत्र आले की मराठी ओरडते आणि गुजराती कुजबुजते. बालू आणि बालू भाई एकाच जाडीने बोलतात.

परवान्याचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण तोही गमतीचा. वर सांगितलेले मुक्त फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आहेत: छापा, विका, बदला, फक्त फॉन्ट एकटा विकू नका. याउलट इंटरनेटवरचे कित्येक ‘फ्री’ फॉन्ट केवळ वैयक्तिक वापरापुरते फुकट असतात. आता होऊ घातलेल्या जिल्हा परिषद सदस्याचा वाढदिवस हा वैयक्तिक की व्यावसायिक, हे ठरवायला वकीलच बसवावा लागेल.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी विस्कटते, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. म्हणून तो पेजमेकरच्या काळापासूनच्या फॉन्टांना धरून आहे. त्यांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडतो, पण छापून तरी नीट येतो. त्याला फुकट फॉन्ट द्यायचा तर आधी नवे कोरलड्रॉ लागते, आणि ते फुकट नसते. यावर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर आहे; त्यात युनिकोड मराठी सरळ चालते.

फॉन्ट निवडायची परीक्षा मात्र इथल्याच शब्दांनी घ्यावी. विक्रीच्या पानावर दिसणारे नमुन्याचे वाक्य नेहमी सोपे असते. ‘बऱ्हाणपूर’ आणि ‘दऱ्याखोऱ्या’ हे दोन शब्द ठळक वजनात टाइप करावेत. हिंदीपुरत्या बेतलेल्या फॉन्टांत अर्ध्या ‘ऱ’ची ही बाकदार रेघ कधी कधी नसते, तिथे रफार चढला की सातपुड्याच्या दऱ्यांचे दर्ये होतात आणि अक्कलकुव्याला समुद्रकिनारा लाभतो. मग ‘ल’ आणि ‘श’ बघावेत. त्यांची मराठी वळणे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरवून दिली आहेत. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तर काही फॉन्ट ती आपोआप देतात. शेवटी दोन ओळींचा मथळा करून वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर आदळतो का, ते पाहावे.

एवढ्यावर निकाल असा: नेहमीच्या फलकाला मुक्ता एक्स्ट्रा बोल्ड, अरुंद जागेला तेको किंवा खंड, द्विभाषिक पाटीला बालू, आणि एका मथळ्याला एकच बॉर्डर. फॉन्टवर एक रुपया खर्च होत नाही. तो वाचलेला रुपया मजकूर तपासणाऱ्याला द्यावा, कारण ‘हार्दीक शुभेच्छा’मधली वेलांटी कोणताही फॉन्ट ऱ्हस्व करून देत नाही.