समुद्र, करांसहित

गोव्यातल्या पंचतारांकित रिसॉर्टात समुद्र बघायचा असतो. डुंबायला क्लोरीनचा तलाव असतो. सोलकढी वाइनच्या ग्लासातून येते आणि मालवणच्या पाहुण्यालाच तिची कृती समजावून सांगितली जाते. (तोही मान डोलावतो. पैसे भरलेत ना!)

खरी मौज ‘प्रायव्हेट बीच’ या पाटीची. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना 1991 ची, भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतची. वाळू सरकारची, म्हणजे तुमची-आमची. खासगी फक्त आरामखुर्ची. तरी रखवालदार शिट्टी फुंकतो, तीही पिढीजात रापणकार मच्छीमारांवर!

साडेसात हजारांवरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी. शेजारच्या वाळूवर तोच सूर्यास्त करमुक्त आहे. चपला हातात घ्या आणि खुशाल जा.