पाच मिनिटांत पिकअप विकणाऱ्या भाऊंना खुले पत्र

भाऊ,

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आमच्या शेजाऱ्याला तुम्ही बॅटरीवर बसवायची एक पेटी विकलीत. हा माणूस बुलढाण्याहून मलकापूर स्टेशनला प्रवासी सोडतो, गाडीचे हप्ते भरतो आणि पेट्रोलचा हिशेब वहीत मांडतो. त्याला तुम्ही सांगितलंत, ‘पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल, राजूर घाट भरल्या गाडीनं गिअर न उतरवता चढाल.’ पाच मिनिटांत दोन वायरी जोडल्यात, निळा दिवा लावून दाखवलात आणि त्याची चार-पाच दिवसांची कमाई गल्ल्यात टाकलीत.

त्या पेटीत असतात कपॅसिटर. दहा हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 14 व्होल्टला भरला की त्यात साधारण एक ज्यूल ऊर्जा मावते. दीड हजार किलोची गाडी घाटात फक्त एक मीटर उंच न्यायला जवळजवळ पंधरा हजार ज्यूल लागतात. म्हणजे तुमची पेटी सगळी रिकामी झाली तरी गाडी वहीच्या कागदाच्या जाडीइतकीसुद्धा वर चढणार नाही. शेजारीच बसलेल्या 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीत पंधरा लाख ज्यूल आहेत, तिला तुमच्या एका ज्यूलचा आधार कशासाठी?

घाट चढवणारी ताकद पेट्रोल जळून येते, आणि किती पेट्रोल जळेल हे इंजिनात किती हवा गेली यावर ठरतं. गाडीतली वीज तेच इंजिन पट्ट्यावर अल्टरनेटर फिरवून तयार करतं. इंजिनाकडूनच घेतलेली वीज इंजिनाला जास्तीची ताकद कुठून देणार? ‘व्होल्टेज स्थिर झालं की ठिणगी जोरात पडते’ हे तुमचं आवडतं वाक्य. मिश्रण नीट पेटत असेल तर ठिणगी आणखी मोठी केल्यानं त्यातलं पेट्रोल वाढत नाही. आणि व्होल्टेज खाली आलंच, तर इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे गाडीचा संगणक स्वतःच सांभाळून घेतो. ती सोय कारखान्यातूनच आलेली आहे.

तुमच्या काउंटरवरच्या दुसऱ्या मालाचंही बोलू. स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचा तो लुकलुकणारा तुकडा. ‘नायट्रो ओबीडी-2’ या नावानं जगभर खपलेलं असलं यंत्र फ्रान्समधल्या क्वार्क्सलॅब कंपनीच्या लोकांनी उघडून पाहिलं. गाडीच्या संगणकाशी बोलायला लागणारा भागच त्यात नव्हता, दिवे लुकलुकवण्याची सोय मात्र होती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणं तपासली आहेत. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही.

मग गिऱ्हाईक ‘फरक पडला’ असं का म्हणतं? पैसे मोजलेला माणूस पुढचे आठ दिवस ॲक्सिलरेटर जपून दाबतो, एसी कमी लावतो, टायरची हवा तपासतो. त्यानं स्वतः वाचवलेल्या पेट्रोलचं श्रेय तुमची पेटी घेऊन जाते. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

विजेच्या कामानं गाडीत काहीच सुधारत नाही, असं मी म्हणत नाही. जुन्या गाडीची अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर नवी टाकल्यावर स्टार्टर जोरात फिरतो, पण तेव्हा हरवलेली ताकद परत मिळते, नवी येत नाही. टर्बो डिझेलला ट्यूनिंग बॉक्स लावला तर ताकद खरोखर वाढते, कारण तो संगणकाला फसवून जास्त डिझेल सोडायला लावतो. त्याबरोबर टर्बो-क्लचवर येणारा ताण, धूर आणि हातची जाणारी वॉरंटी यांबद्दल तुम्ही गिऱ्हाइकाला एक शब्द तरी सांगता का?

पेटीसोबत तुम्ही शेजाऱ्याच्या त्याच गाडीला 60/55 वॅटचे काढून 100/90 वॅटचे बल्ब बसवलेत, तेही रिले न टाकता, जुन्याच वायरीवर. अप्परवर आता प्रत्येक बल्ब पाचऐवजी आठाहून अधिक अँपिअर ओढतो, आणि त्याच वायरीत पावणेतीनपट उष्णता तयार होते. जाड वायर आणि रिले टाकून 60/55 चेच बल्ब लावले असतेत तर उजेडही सुधारला असता आणि समोरच्याचे डोळेही दिपले नसते. ते काम चांगलं आहे, पण त्याला वेळ आणि कौशल्य लागतं. तुम्ही मूळ वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून मोकळे झालात. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर पिंपळखुट्याजवळ बस पेटून 25 माणसं गेली. ती आग अपघातानंतरची होती, तिचा दोष मी तुमच्या धंद्यावर टाकत नाही. पण पेटलेल्या गाडीत माणसांचं काय होतं हे बुलढाणा जिल्ह्यानं पाहिलं आहे. त्यानंतरही सात प्रवाशांच्या गाडीत असली वायर सोडताना तुमचा हात थांबायला हवा होता.

तुम्हाला पेटीवर विश्वास असेल तर चला. तीच गाडी, तेच प्रवासी, तोच राजूर घाट, एकदा पेटी लावून, एकदा काढून. कोणत्या वेळी पेटी चालू आहे हे चालकाला सांगायचं नाही. टाकी दोन्ही वेळा एकाच पंपावर भरायची. फरक दिसला तर मी याच जागी तसं लिहीन. येणार नसाल तर शेजाऱ्याचे पैसे परत करा आणि वायरिंग स्वखर्चानं पूर्ववत करून द्या.

आणि वाचकांनो, ज्यांनी अशी पेटी घेतली आहे त्यांनी बिल जपून ठेवा. बिल दिलं नसेल तर मागून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही.