जसंच्या तसं बसतंय, दाजी!

हिरोची इम्पल्स 2011 साली आली तेव्हा लोकांनी तिच्याकडे बघितलं भरपूर आणि घेतली मोजक्यांनीच. उंच मडगार्ड, लांब शॉकअप, पुढं 19 इंची चाक, सगळी ठेवण चिखलात घालायच्या गाडीची. इंजिन मात्र 149 सीसीचं, हिरोच्या ऑफिसला जाणाऱ्या गाड्यांत असायचं त्याच घराण्यातलं. 13 हॉर्सपॉवर. सपाटीला तक्रार नाही. चढ लागला की दुसरा गिअर, मग पहिला, मग मागं बसलेल्यानं उतरायचं. माझ्या मागं बहुतेक वेळा माझी बायकोच बसलेली असते, त्यामुळं हा यांत्रिक प्रश्न आमच्या घरात फार लवकर कौटुंबिक झाला.

या दुखण्यावरचा उतारा देशभरच्या इम्पल्सवाल्यांना पाठ आहे: करिझ्माचं इंजिन. 2003 साली हृतिक रोशनच्या जाहिरातीतून आलेली हिरो होंडाची ती करिझ्मा. 223 सीसी, 17 च्या आसपास हॉर्सपॉवर, आणि मुख्य म्हणजे खालच्या गिअरला ओढ. यातली गंमत पुढंच आहे. 65.5 बाय 66.2 मिलिमीटरच्या याच बोअर-स्ट्रोकचं इंजिन होंडानं अमेरिकेत सीआरएफ 230 नावाच्या मातीतल्या गाडीत घातलं होतं. इकडं इम्पल्सची ठेवण होंडाच्या ब्राझीलमधल्या ब्रॉस नावाच्या कच्च्या रस्त्याच्या गाडीवरून आलेली. म्हणजे मातीतलं इंजिन आपल्याकडं फेअरिंग घालून कॉलेजबाहेर उभं राहिलं, आणि मातीतली चासी दूध आणायला लागली. आम्ही काही वेगळं करत नव्हतो. चुकलेल्या पत्रिका नीट जुळवत होतो.

हे 'आम्ही' म्हणजे मी आणि माझा मेव्हणा. त्याची पन्हाळ्याकडं उतारावर शेती आहे आणि आयुष्याकडं बघायची दृष्टीही तशीच आहे, सगळं आपोआप खाली येतं असं तो समजतो. अपघातात चासी वाकलेल्या एका करिझ्माचं इंजिन त्यानं हुडकलं, कागदासकट. भंगारातलं इंजिन घेताना कागद बघणारा माझ्या माहितीतला तो पहिला माणूस. फोनवर म्हणाला, "दाजी, विषय संपला. जसंच्या तसं बसतंय. चार बोल्ट काढायचे, चार लावायचे."

मोटारसायकलच्या दुनियेत 'जसंच्या तसं बसतंय' या वाक्याइतका पैसा दुसऱ्या कुठल्याच वाक्यानं खर्च करवला नसेल. हे वाक्य बोलणाऱ्यानं ते इंजिन स्वतः कधीच बसवलेलं नसतं. ज्यानं बसवलेलं असतं तो नुसता हसतो आणि चहा मागवतो.

घरात मंजुरी घेताना मी इतिहासाचा आधार घेतला. 1950-60 च्या दशकात इंग्लंडातली पोरं नॉर्टनच्या चासीत ट्रायम्फचं इंजिन घालायची आणि त्या गाडीला ट्रायटन म्हणायची. नॉर्टनची फेदरबेड चासी वळणावर हलायची नाही अशी पक्की. त्यात 500 सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारी बनवणाऱ्यांना नॉर्टनचं मँक्स इंजिन हवं असायचं, आणि कंपनी सुटं इंजिन काही द्यायची नाही. मग ते अख्खी मोटारसायकल विकत घ्यायचे, इंजिन काढायचे आणि चासी टाकून द्यायचे. अशा पोरक्या चासींना पोरांनी घरं मिळवून दिली. आपल्याकडं तर एन्फिल्डनं स्वतःच बुलेटच्या अंगात 325 सीसीचं डिझेल इंजिन घालून टॉरस विकली. साडेसहा हॉर्सपॉवर, पण ॲव्हरेज असं की पंपवाला ओळख विसरावा. सौराष्ट्रात बुलेटचं तोंड आणि डिझेल इंजिन जोडून छकडा नावाची तीनचाकी निघाली, तिनं गावंच्या गावं वाहिली.

बायकोनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या इंग्लंडातल्या पोरांची लग्नं झाली होती का?"

याचं उत्तर इतिहासात मिळत नाही.

इंजिन उचलायला वर काहीतरी टांगायची सोय लागते. आमच्या पोर्चमध्ये आईच्या झोपाळ्याच्या कड्या आहेत, स्लॅबमध्ये गाडलेल्या, चांगल्या जाड सळईच्या. झोपाळा उतरवला, कडीला चेनपुली लावली. आईनं पाटावर बसून हे सगळं पाहिलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली की, माझा झोपाळा काढला आणि तिथं लोखंड टांगलंय. ॲल्युमिनियम आहे हे तिला दोनदा सांगून झालं. त्यानं फरक पडला नाही.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. हयात लेलँडच्या खाली पाठीवर झोपून गेली. चेनपुलीचा आवाज ऐकून ते बनियनवरच आले, लोंबकळणाऱ्या इंजिनाकडं पाहिलं आणि म्हणाले, "इंजिन कुठाय?"

"हेच की काका."

"हे होय? मला वाटलं सेल्फ मोटार आणलीस कुठली."

त्यानंतर ते परत गेले नाहीत. जेवायला जायचे, पण तेही आमचा पाना बरोबर घेऊन, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीत काही घडायला नको.

जुनं इंजिन निघालं दुपारी, चहाच्या आत. नवं चासीत शिरलं संध्याकाळी. मेव्हण्यानं तेवढ्यात फोटो काढून सगळ्या पै-पाहुण्यांना पाठवला, खाली लिहिलं 'काम फत्ते'. इंजिन चासीत शिरणं आणि बसणं यात जे अंतर असतं, त्यातच महाराष्ट्रातले निम्मे लेथवाले जगतात. मोठं इंजिन उंचीनं जास्त, म्हणून हेडला धरणाऱ्या वरच्या पट्ट्या नव्यानं करायच्या. पट्ट्यांसाठी माप हवं. मापासाठी जाड पुठ्ठा हवा. घरात त्या वेळी सगळ्यात जाड पुठ्ठा म्हणजे एक लग्नपत्रिका होती. मेव्हण्यानं ती चासीला लावून पेन्सिलीनं आखली, कात्रीनं कापली, बोल्टाच्या जागी भोकं पाडली आणि आम्ही उद्यमनगरात गेलो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काहीही बनतं. लेथवाल्यानं पत्रिका हातात घेतली, आधी उलटी करून नावं वाचली. "कुणाकडचं लग्न?" सांगितलं. "पोरगी आमच्या पावण्यातलीच की," म्हणाला, आणि मग मापाकडं वळला. पट्ट्या त्यानं झकास केल्या, सहा एमएमच्या, कडा घासून. पुढच्या रविवारी बायको नटून तयार, हॉल कुठला ते बघायला पत्रिका शोधतेय. पत्रिका सापडली. हॉलचं नाव कात्रीत गेलं होतं आणि मुहूर्ताच्या जागी दहा एमएमचं भोक होतं. शेवटी लेथवाल्याला फोन करून पत्ता विचारला. तो तिथंच होता, पंगतीला बसला होता.

खरी परीक्षा चेनलाइनची. पुढचं स्पॉकेट आणि मागचं स्पॉकेट एका रेषेत हवं; नसलं की चेन एका बाजूनं झिजते, आवाज करते आणि एके दिवशी नको तिथं उतरते. मेव्हण्यानं ऑनलाइन मागवलेला डिजिटल व्हर्नियर काढला, त्याची बॅटरी दोन वेळा तपासली. काकांनी सुतळीचा तुकडा मागितला. एक टोक मागच्या स्पॉकेटच्या तोंडाला अंगठ्यानं दाबून धरलं, दुसरं पुढं ताणलं, एक डोळा मिटला आणि गुडघ्यावर बसून बराच वेळ नुसते बघत राहिले. पोर्चमध्ये सगळे गप्प. आईसुद्धा.

"पाऊण सूत आत आहे," काका म्हणाले.

मेव्हण्यानं व्हर्नियर लावला. पडद्यावर आकडा आला 2.4 मिलिमीटर. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचा पाऊण हिशेब त्यानं मोबाइलवर केला आणि मोबाइल खिशात घातला. त्या दिवसापासून व्हर्नियर बायको पोळीची जाडी मोजायला वापरते. म्हणजे मोजत नाही, पण मला तसं सांगते.

पाऊण सुतासाठी बुश झाले. मग सायलेन्सरचा बेंड पाइप चासीच्या पुढच्या नळीला टेकला; तो वाकवायचा तर आत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि गॅसवर लाल करून मगच वाकवायचा, नाहीतर पाइप मधेच चेपतो. तेही झालं. क्लचची केबल, ॲक्सिलेटरची केबल, कार्बोरेटरचा रबर, एअर फिल्टरचा जोड, यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. प्रत्येकाला थोडं थोडं खोटं बोलून बसवावं लागलं.

वायरिंगवरून मात्र युद्ध पेटलं. इंजिनाबरोबर करिझ्माचाच सीडीआय घेतला होता, कारण ठिणगी कधी टाकायची ते त्याच्या डोक्यात भरलेलं असतं आणि दुसऱ्याच्या डोक्यानं इंजिन चालत नाही. होंडाच्या परंपरेत हिरवी वायर म्हणजे अर्थ. पल्सर कॉइलमधून निळी-पिवळी येते, इग्निशन कॉइलकडं काळी-पिवळी जाते. काका म्हणाले, "अर्थ काळीच असते. तीस वर्षं काळ्या वायरीवर एसटी चालवली आम्ही." मेव्हणा म्हणाला, "काका, होंडात काळीला करंट असतो." दोघं इरेला पेटले. आई पाटावरून म्हणाली, "अरे, घरातल्या लाइटीला पण अर्थ हिरवीच असते की. मागं वायरमन आलेला तेव्हा मी बघितलंय." काकांनी आईकडं असं पाहिलं, जसं कामगार युनियन फुटल्यावर पुढारी पाहतो. पण वायर हिरवीच जोडली.

गाडी सुरू झाली. धाप न लागता, खोकला न येता. आवाज जाड, समाधानी. काका हँडल धरून म्हणाले, "ट्रायल मी घेणार. फिटरनं सोडल्याशिवाय गाडी डेपोबाहेर जात नाही." 836 मिलिमीटर उंचीच्या सीटवर मला चढताना भिंत लागते, काका लुंगी वर खोचून एका टांगेत बसले आणि बोळाच्या टोकाला दिसेनासे झाले. बराच वेळ झाला. काकू बाहेर आल्या. अजून वेळ झाला. मग लांबून जाड आवाज आला, काका आले, चेहरा कोरडा. लुंगीला लाल चिखल. आमच्या भागात लाल माती कुठंच नाही.

"ठीक आहे," म्हणाले. "ब्रेक आवळा."

उरला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकानं करायचा नाही. इंजिन नंबर हा त्यातलाच तपशील. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागं 5 हजार रुपये दंड आहे. 'बदलामागं' हा शब्द वाचून मेव्हण्यानं बोटं मोजायला घेतली: इंजिन, पट्ट्या, बेंड पाइप, सीडीआय... दोन्ही हात संपल्यावर थांबला. मी परवानगीची चौकशी करायला आरटीओत गेलो.

"जुन्या इंजिनाचं काय झालं?" खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं.

"घरी आहे."

"चालू आहे?"

"उत्तम."

"मग तेच बसवा की," ते म्हणाले, आणि मला तरी या सल्ल्यात खोट काढता आली नाही.

सध्या गाडी टेम्पोत घालून मेव्हण्याच्या शेतावर नेऊन ठेवलीय. बांधाच्या आत, उसाच्या कडेनं, मसाई पठार समोर दिसतं तिथं ती चढ असा चढते की मागं बसलेल्यानं उतरायची भाषाच नाही. बायको एकदा मागं बसली आणि वर जाईपर्यंत काही बोलली नाही. जुनं इंजिन पुसून, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवलंय. त्याचा नंबर आरसीवर आहे.

परवा विम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज आला. पैसे भरताना बायको खांद्यावरून बघत होती.

"गाडी शेतात. रस्त्यावर आणायची नाही. मग हा विमा कशाचा?"

"कागदावर इंजिन नंबर आहे ना, त्या गाडीचा."

"ती कुठाय?"

"जिन्याखाली."

तिनं जिन्याखाली जाऊन बघितलं. मग परत येऊन म्हणाली, "चोरी कव्हर घेतलंय का?"