बेस्ट परफॉर्मन्स

आमच्या सोसायटीत भाऊंच्या हाती कॉम्प्युटर द्यायला लोक बिचकतात. बिघडवतील अशी भीती नाही. उलट परत येतो तो आधीपेक्षा बरा चालतो. फक्त तो आपला वाटत नाही. नातवाचा फोटो पडद्यावरून गेलेला असतो, मेनूंच्या सावल्या गेलेल्या असतात, माउसच्या बाणाची शेपटी गेलेली असते. विचारलं तर भाऊ म्हणतात, "फोटो अल्बममध्ये आहे की! इथं तो रॅम खातो."

भाऊ निवृत्त झाले हिशेब खात्यातून, आणि हिशेब त्यांना सोडून गेला नाही. लॅमिंग्टन रोडवरून त्यांनी पहिला जुना कॉम्प्युटर डोंबिवलीला आणला तेव्हा विंडोज एक्सपीचा जमाना होता. मशीनमध्ये 128 एमबी रॅम. कंपनीच्या लेखी 64 वरही एक्सपी चालायचं, पण चालणं आणि चालवून घेणं यातला फरक भाऊंना नोकरीतच कळला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी पडद्यावरच्या त्या जगप्रसिद्ध हिरव्या टेकडीकडे संशयानं पाहिलं. चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकारानं 1996 मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेली ती टेकडी कोट्यवधी लोकांनी निमूटपणे पाहिली. भाऊंनी तिचं बिल काढलं. 1024 गुणिले 768 ठिपके, दर ठिपक्याला चार बाइट. "तीन एमबी! नुसता डोंगर बघायला!" टेकडी त्याच संध्याकाळी गेली.

मग त्यांना ती पेटी सापडली. माय कॉम्प्युटरवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, सेटिंग्ज. समोर टिकांची लांबलचक यादी: मेनू सरकत येऊ दे, मेनूखाली सावली पडू दे, विंडो ओढताना आतला मजकूरही दिसू दे. आणि वर एक ठिपका, 'अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स'. तो दाबला की सगळ्या टिका एका फटक्यात साफ. निळी पट्टी करडी झाली, हिरवं स्टार्ट बटण करडं झालं. विंडो ओढली की आता नुसती चौकट पुढे जायची आणि हात सोडल्यावर मजकूर मागून यायचा. भाऊ दोन तास विंडो ओढत बसले होते, असं वहिनी सांगतात.

एक टिक मात्र त्यांनी परत लावली. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी. ती काढली तेव्हा मराठी वेलांट्यांना दाते आले आणि वहिनी म्हणाल्या, "अहो, हे वाचताना डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं होतंय." ही सवलत भाऊंनी अजून चालू ठेवली आहे, पण वर्षातून एकदा तिची आठवण करून देतात.

या क्षेत्रातही सोवळंओवळं असतं. डेस्कटॉपवर उजवं बटण दाबून पाच-पाच वेळा रिफ्रेश करणारे लोक भाऊंच्या दृष्टीनं अडाणी. त्यानं चिन्हं पुन्हा रंगवली जातात, वेग वाढत नाही, हे ते लिफ्टमध्येसुद्धा समजावून सांगतात. स्वतः मात्र कित्येक वर्षं दर रविवारी प्रीफेच नावाच्या फोल्डरमधल्या फायली उडवायचे. त्या फायली प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणूनच विंडोजनं करून ठेवलेल्या असतात, आणि उडवल्या की सोमवारी सगळं आणखी सावकाश उघडतं. हे कुणीतरी दाखवून दिल्यावर रविवारचा कार्यक्रम बंद पडला. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा आधार संपला आणि भाऊ, तोवर आणलेल्या दुसऱ्या जुन्या मशीनवर, लिनक्सला गेले. इथं त्यांना मोकळं रानच मिळालं, कारण लिनक्समध्ये अख्खा डेस्कटॉपच बदलता येतो. आधी केडीई घेतलं. त्यात तेव्हा अल्ट, शिफ्ट आणि एफ-बारा एकदम दाबलं की कंपोझिटर बंद व्हायचा. प्रत्येक विंडो आधी पडद्याआड रंगवून मग सावल्या-पारदर्शकतेसह एकत्र जुळवणारी ही यंत्रणा. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर तिचं ओझं कार्ड उचलतं. भाऊंच्या मशीनमध्ये उचलणारं कोणी नव्हतं, त्यामुळे तिथं त्यांचं खरंच बरोबर होतं. अडचण एवढीच, की वहिनी यूट्यूबवर कीर्तन लावायच्या आणि बुवा जरा जोरात वळले की पगडी एकीकडे, चेहरा दुसरीकडे. "चित्र फाटतंय," वहिनी म्हणाल्या. "कीर्तन ऐकायचं असतं," भाऊ म्हणाले.

केडीईवरून ते एक्सएफसीईवर उतरले, तिथून एलएक्सडीईवर. दर पायरीला फाइल शोधून ठेवणारी सेवा, ब्लूटूथ, प्रिंटरची सेवा असं काहीतरी बंद व्हायचं. शेवटी नुसतं सुरू होऊन बसलेलं मशीन किती रॅम घेतं, तो आकडा ते उपाशीपोटीची शुगर सांगावी तसा सांगू लागले. "आज एकशेऐंशी!" मग वहिनी रेसिपी बघायला ब्राउझर उघडायच्या. आठवडाभर चिमटीचिमटीनं साठवलेली पुंजी एका उकडीच्या मोदकात जायची, कारण हल्लीचं एक जाहिरातबाज पान त्या अख्ख्या डेस्कटॉपहून जास्त जागा घेतं. तेव्हापासून घरात एका वेळी एकच टॅब.

घरही हळूहळू तसंच होत गेलं. दाराच्या बेलची धून मंजूर न झाल्यानं साधा बझर आला. पडद्यांच्या झालरी उतरल्या. गणपतीच्या मखराची पळती माळ 'स्थिर'वर ठेवली गेली.

एवढ्या वेगाचं भाऊ करतात काय? विजेचं बिल भरतात. महिन्यातून एकदा.

रोग कुठं होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क होती. तबकडी फिरणार, काटा हव्या त्या जागी जाणार, यात दर खेपेला काही मिलिसेकंद जातात, आणि सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये फिरायला काही नाहीच. मुलगी हे कितीदा सांगून थकली. भाऊंचं उत्तर एकच: "पैसे टाकून काय, कोणीही पळवील." त्यांच्या लेखी ती लाच होती. वेग कापून काढायचा असतो, विकत आणायचा नसतो. मला विचाराल तर या एका वाक्यापुरता मी त्यांच्या बाजूनं आहे. नवं घ्या, नवं घ्या म्हणणाऱ्या दुकानदारांपुढे भाऊंनी एका मशीनकडून तीन मशीनांचं आयुष्य काढून घेतलं.

दिवाळीत मुलीनं एसएसडी आणलीच. भाऊ उटणं लावून न्हायला गेले तेवढ्यात तिनं डिस्क बदलली, जुनी सगळी जशीच्या तशी नवीवर उतरवली. भाऊ येऊन बसले, बटण दाबलं, आणि चष्मा पुसून होण्याच्या आत डेस्कटॉप समोर. त्यांनी बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. मुलगी मोठ्या आशेनं बघत होती. "चांगलं आहे," ते म्हणाले आणि फराळाला न बसता बाल्कनीत गेले.

पुढं महिनाभर भाऊ दिसले की उदास. मशीनमध्ये बंद करायला काही उरलं नव्हतं, आणि उरलं असतं तरी फरक कळला नसता. वहिनींनी टॅब सात-सात उघडायला सुरुवात केली. बुवांची पगडीही डोक्यावर आली, कारण मुलीनं जाताजाता कंपोझिटर चालू करून ठेवला होता.

परवा लिफ्टमध्ये भेटले तर चेहरा एकदम टवटवीत. मी मोबाइल बघत होतो.

"अरे, हा अडखळतोय का रे?"

"नाही भाऊ. चांगला चालतोय."

"अ‍ॅप उघडताना थोडं फुगून येतं बघ ते. अ‍ॅनिमेशन." त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. अबाउट फोनमध्ये जायचं, बिल्ड नंबरवर सात वेळा टकटक करायचं, की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथं तीन आकडे आहेत. तिन्ही शून्य."

मी म्हटलं, माझा मजला आला.

"येऊ दे," भाऊ म्हणाले आणि लिफ्टचं दार पायानं अडवलं.