अण्णांचं मस्टर

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतात. सरकारी कचेरीतून निवृत्त, पेन्शन वेळेवर, गुडघे शाबूत आणि सकाळचा पेपर साडेआठलाच वाचून संपलेला. कुणाचा कॉम्प्युटर रखडलाय याचा त्यांना वास लागतो. आमचा लॅपटॉप रडतोय ही बातमी जिन्यात फुटली आणि दहा मिनिटांत अण्णा दारात उभे. चष्मे दोन, दोन्ही गळ्यात.

बसल्या बसल्या आधी रिफ्रेश. जेवणाआधी ताटाभोवती चित्राहुती घालावी, तसं मोकळ्या पडद्यावर पाच वेळा राइट क्लिक, पाच वेळा रिफ्रेश. त्याने पडद्यावरची चित्रं पुन्हा रेखली जातात, मशीन काही पळायला लागत नाही, हे आमच्या लेकीने त्यांना दोनदा सांगून झालंय. "नसेल पळत, पण त्याला बरं वाटतं," असं अण्णांचं म्हणणं.

मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. तिन्ही बोटं एकदम, तबल्यावर थाप मारल्यासारखी. टास्क मॅनेजर उघडला की नोकरीत कधी न मिळालेली साहेबाची खुर्ची अण्णांना आमच्या जेवणाच्या टेबलाशी मिळते. समोरची यादी म्हणजे मस्टर. हजर किती, कामाचे किती, फुकट पगार खाणारे किती!

"१८२ प्रोसेस? अहो, आमच्या अख्ख्या कचेरीत एवढी माणसं नव्हती!" बोट खाली सरकलं. "आणि हे काय, एसव्हीसीहोस्ट, एसव्हीसीहोस्ट, एसव्हीसीहोस्ट... एकाच घरातले साठ जण चिकटवलेत! भरती कोणी केली?"

लेक म्हणाली, "आजोबा, ते नुसते यजमान आहेत. वायफाय, आवाज, प्रिंटर, अपडेट अशा सेवा त्यांच्या घरात राहून काम करतात. पूर्वी सगळं वऱ्हाड एकाच हॉलमध्ये झोपायचं, एक आजारी पडला की सगळे लोळायचे. २०१७ पासून विंडोज १० मध्ये, मेमरी ३.५ जीबीहून जास्त असेल, तर बहुतेकांना स्वतंत्र खोली मिळते. म्हणून पाट्या वाढल्या, माणसं तेवढीच."

अण्णांचं लक्ष नव्हतं. त्यांना चोर सापडला होता. "सिस्टीम आयडल प्रोसेस, ८१ टक्के! नावातच आळशी, आणि सगळं मशीन खातोय!" त्यांनी त्याला काढायचा हुकूम सोडला. मशीन ढिम्म. अण्णा पुटपुटले, "वशिल्याचा दिसतोय."

वास्तविक ते ८१ टक्के म्हणजे प्रोसेसरचा रिकामा वेळ. अण्णा मोकळ्या खुर्च्यांना मेमो देत होते.

मेमो घेईना म्हटल्यावर राग निघाला शेजारच्या एक्सप्लोरर नावाच्या गरिबावर. "हा कशाला हवाय? तुम्ही इंटरनेटला दुसरंच काहीतरी वापरता ना?" टिचकी. खालची पट्टी गेली, सगळे आयकॉन गेले. घरात सुतकी शांतता. लेकीने त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'रन न्यू टास्क' काढून 'एक्सप्लोरर' टाइप केलं, तेव्हा पडद्यावर पुन्हा वस्ती झाली. डेस्कटॉप आणि टास्कबार तोच मांडतो, इंटरनेटशी त्याचा संबंध नाही, हे कळल्यावर अण्णांनी चष्मा बदलला.

"आता इकडे बघा," म्हणत लेकीने डिस्कचा रकाना दाखवला. १०० टक्के. जुनी हार्ड डिस्क, मिनिटाला ५४०० फेरे मारणारी. आम्ही लॅपटॉप उघडतो पंधरा दिवसांतून एकदा. त्यामुळे चालू केल्याबरोबर अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी आणि फाइलींची शोधसूची, सगळे आपापले हंडे घेऊन त्या एकाच नळावर. शिवाय रांगेत घुसलेले दोन 'स्पीड बूस्टर'.

"हे कोणी बसवले?" लेकीने विचारलं.

गेल्या दिवाळीत अण्णांनीच. त्यांनी पोह्यातला शेंगदाणा बारकाईने तपासायला घेतला.

बूस्टर काढले. बाकी इलाज एवढाच, की चार्जर लावून मशीन तासभर एकटं सोडायचं. "मागची कामं मागे चालू असतात, आजोबा. दिसत नाहीत म्हणून ती नाहीत असं थोडंच आहे?"

अण्णा एकदम गप्प झाले. मग बशीकडे बघत म्हणाले, "मी आवक-जावकला होतो. ३४ वर्षं. प्रत्येक नवा साहेब विचारायचा, हा कोपऱ्यातला माणूस दिवसभर करतो काय? एकदा कावीळ झाली, महिनाभर रजेवर गेलो. परत आलो तेव्हा टपालाचा ढीग खिडकीपर्यंत."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी कॉम्प्युटर रखडला. जिन्यातून अण्णांचा आवाज ऐकू आला, "खबरदार कुणाला काढाल तर! एकेक जण कामाचा आहे!"

क्षणभर शांतता. मग माउसची टिकटिक. मी मोजली. पाच वेळा.