वजा साठ टक्के

फ्लेक्सवर माझ्या नावाखाली 'गणितसम्राट' छापलंय. ही पदवी मला फ्लेक्सवाल्यानं दिली, जागा उरली होती म्हणून. मी काढायला सांगितली नाही. त्याखाली 'संख्याशास्त्र : निकाल 100 टक्के' असंही आहे, आणि ते शंभर टक्के खरं आहे. कॉलेजच्या स्टॅटला माझ्याकडं एकच पोरगा होता, तो पास झाला. नमुना पुरेसा मोठा हवा, हे मी पहिल्याच तासाला शिकवतो. फ्लेक्सला तो नियम नाही.

माझा खरा हातखंडा मात्र ऋण संख्यांत. त्यासाठी बर्फातलं तापमान, नाहीतर तळघरात जाणारी लिफ्ट काढायची रीत आहे. करमाळ्याच्या पोरांना कशाला हवा तो बर्फ? उशाला उजनी आहे की!

उजनीइतकं गणिती धरण दुसरं नसेल. पूर्ण साठा 117 टीएमसी. त्यातला 63 च्या वर मृतसाठा, बाकी 53.57 उपयुक्त, आणि टक्के मोजायचे ते फक्त उपयुक्ताचे. म्हणजे पेपरात 'उजनी शून्य टक्के' छापून येतं, तेव्हा तिच्या पोटात निम्म्या कोयनेहून जास्त पाणी असतं! पावसाळ्यात हीच बया 111 टक्के भरते. माझ्या एकाही विद्यार्थ्याला अजून तेवढे पडलेले नाहीत. 2024 च्या उन्हाळ्यात ती वजा साठच्या आसपास गेली. आता 53.57 चे साठ टक्के काढा : 32 टीएमसी. म्हणजे मृत म्हणून सोडलेल्यातलंही निम्मं आपण पिऊन बसलो.

हे मी फळ्यावर रंगात येऊन मांडत होतो, तेवढ्यात बॅकवॉटरकडची नववीतली एक पोरगी म्हणाली, "सर, आमच्यात वजा पायपात मोजत्यात."

"म्हणजे?"

"पाणी हटलं की अण्णा मोटार खाली नेत्यात. पाईप वीस फुटी. पाच जोडले की वजा शंभर. मग केबल पुरत न्हाई."

सम्राट गप्प. हिच्या आज्याची जमीन धरणात गेली, बाप त्याच पाण्याच्या मागं पाईप जोडत फिरतो, आणि हिच्या प्रगतिपुस्तकावर शेरा काय, तर 'मूलभूत संकल्पना स्पष्ट नाहीत'. असले शेरे वाचले की माझं टाळकं सरकतं. कुणाच्या स्पष्ट नाहीत?

संध्याकाळच्या बॅचला पाईपचं उदाहरण मी स्वतःच शोधल्यासारखं सांगितलं. पोरांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

महिनाअखेरीला अण्णा फी द्यायला आले. नोटा दोनदा मोजून टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "सर, पोरीला टक्के किती पडतील?"

"साठ तरी कुठं गेले नाहीत."

अण्णांनी जरा अंदाज घेतला. "अधिक का वजा?"